गाडीच्या पाठीवरचा देश

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

स्वित्झर्लंडची सहल करून आलेली बरीच मंडळी आज समोर बसलेली दिसताहेत. तिथल्या गाड्यांच्या मागे पांढऱ्या लंबगोलात ‘सीएच’ अशी दोन काळी अक्षरं असतात. ती कशाची, असं विचारलं की कोणी चायना म्हणतं, कोणी चिली म्हणतं, आणि आपल्याकडचे सगळे आरटीओ नंबर पाठ असलेला एखादा पठ्ठ्या चंदीगड म्हणतो. त्याचं तसं चुकत नाही, आपल्याकडे ‘सीएच’ चंदीगडचंच आहे. स्वित्झर्लंडचं ‘सीएच’ मात्र लॅटिनमधून आलं आहे. ‘कॉन्फोडेरात्सिओ हेल्वेटिका’, म्हणजे हेल्वेटियन लोकांचा संघ. तिथे जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा नांदतात. एकीतलं नाव घेतलं की बाकीच्या तिघी रुसणार. म्हणून आज कोणाच्याच घरात बोलली जात नाही अशी भाषा त्यांनी निवडली. शहाणी माणसं!

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला जपून विचारलं होतं, “दोन अक्षरांवर तासभर बोलणार?” त्यांची शंका रास्त होती. पण या अक्षरांची गंमत अशी की ती कोणती घ्यायची हे ज्याचा त्याचा देश ठरवतो आणि ती चालवून घ्यायची की नाही हे सीमेवर उभा असलेला शेजारी ठरवतो. कोणी कोणाला अक्षर वाटून देत नाही. मी माझं नाव सांगणार आणि तू ते मान्य करणार, एवढाच हा व्यवहार. तो सुरळीत चालला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अडला, तर रस्त्यावर ट्रक आडवे लागतात. तिथवर आपण जाणारच आहोत, पण आधी सुरुवातीपासून पाहू.

पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटारींना नंबर लावायला लावला. ब्रिटनमध्ये १९०४ पासून नोंदणी सुरू झाली आणि तिथे प्रत्येक परगण्याला अक्षर मिळालं. ‘ए’ लंडनचं, ‘बी’ लँकेशरचं. जो तो आपल्या घरापुरती सोय बघत होता. पण मोटार घेणारी तेव्हाची माणसं पैसेवाली आणि हौशी होती, ती देशाची हद्द ओलांडून भटकणारच. आता ब्रुसेल्सच्या चौकातल्या शिपायासमोरून ‘ए’ आणि एक आकडा अशी पाटी लावलेली गाडी कोणाला तरी धडकून पळाली, तर त्याने पत्र कुठे धाडायचं? ही गाडी कोणत्या देशाच्या दप्तरात शोधायची, हे त्या पाटीवरून कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा पहिला करार झाला. तो १ मे १९१० पासून लागू झाला. धोक्याच्या चार खुणा याच करारातल्या: खड्डा किंवा उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. आजच्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचा पणजोबाही तिथलाच. आणि आपला लंबगोलही. त्याची मापं करारात सेंटिमीटरमध्ये दिली आहेत: ३० सेंटिमीटर रुंद, १८ सेंटिमीटर उंच, पांढऱ्यावर काळी अशी एक किंवा दोन मोठी लॅटिन अक्षरं, उंची किमान १० सेंटिमीटर, रेघेची जाडी १५ मिलिमीटर. आज हे मोठं वाटेल, पण त्या काळच्या गाड्यांमागून उठणारा धुरळा डोळ्यांसमोर आणा. त्या धुरळ्यातून शिपायाला दिसायला हवं ना!

त्या करारातली अक्षरांची यादी वाचताना मला पंगत आठवते. आधी येऊन बसले त्यांना केळीचं अख्खं पान मिळालं. ऑस्ट्रिया ‘ए’, बेल्जियम ‘बी’, जर्मनी ‘डी’, स्पेन ‘ई’, फ्रान्स ‘एफ’, हंगेरी ‘एच’, इटली ‘आय’, पोर्तुगाल ‘पी’, रशिया ‘आर’, स्वीडन ‘एस’. एका अक्षरात देश. यातले ऑस्ट्रिया आणि हंगेरी नीट बघा. त्या वेळी ते एकाच सम्राटाच्या छत्राखाली होते, जगाच्या नकाशावर एक साम्राज्य म्हणून रंगवले जात होते. पण मोटारीच्या पाठीवर बुडापेस्टने ‘ए’ लावून घ्यायला साफ नकार दिला असणार, कारण यादीत हंगेरीचं अक्षर वेगळं आहे. नऊ वर्षांनी साम्राज्य मोडलं तेव्हा निदान गाड्यांच्या पाट्या तरी बदलाव्या लागल्या नाहीत.

त्याच यादीत माँटेनेग्रोचं ‘एमएन’ आहे आणि सर्बियाचं ‘एसबी’. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही नवीन राज्यात विरघळली, अक्षरंही गेली. माँटेनेग्रोची गाडी पुन्हा स्वतःच्या नावाने सीमा ओलांडू लागली ती २००६ मध्ये, ‘एमएनई’ लावून. रशियाचं ‘आर’ही गेलं. सोव्हिएत संघाच्या गाड्यांवर ‘एसयू’ आलं आणि ते सोडून दिलेलं ‘आर’ पुढे रुमानियाने उचललं. रुमानिया १९०९ मध्ये ‘आरएम’ होती, मग ‘आर’ झाली, आता ‘आरओ’ आहे. शीतयुद्धाच्या काळात एखाद्या म्हाताऱ्या पोलिसाने रुमानियन गाडी पाहून झारचा माणूस आला असं समजलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटिश हिंदुस्थानच्या गाडीला खूण होती ‘बीआय’. १९४७ पासून आपण ‘आयएनडी’ झालो आणि पाकिस्तान ‘पीएके’. नुसतं ‘आय’ का नाही, तर ते इटलीने आधीच घेऊन ठेवलं होतं. तीन अक्षरांची मुभा १९२६ च्या पॅरिस करारात मिळाली होती, ती आपल्यासारख्या मागून स्वतंत्र झालेल्या देशांच्या कामी आली. जुन्या साम्राज्याच्या वाटण्या या यादीत अजूनही शाबूत आहेत. केनिया ‘ईएके’, युगांडा ‘ईएयू’, टांझानिया ‘ईएटी’. यातलं ‘ईए’ म्हणजे ईस्ट आफ्रिका, ब्रिटिशांच्या कारभाराची चौकट. ती चौकट मोडून साठ वर्षं झाली, अक्षरं तिथेच. दक्षिण आफ्रिकेचं ‘झेडए’ डच भाषेतल्या ‘झाउड-आफ्रिका’वरून आलं. डच आता तिथली राजभाषा नाही. श्रीलंकेने १९७२ मध्ये सिलोन हे नाव टाकून दिलं, पण गाडीची खूण आजही ‘सीएल’ आहे. वेबसाइटच्या पत्त्यात श्रीलंका ‘एलके’ आणि मोटारीवर सिलोन! मला वाटतं, कोलंबोहून गाडी चालवत परदेशी जाण्याची सोयच नसल्यामुळे कोणाला बदलायची निकड वाटली नसावी. बेटाला शेजारची सीमा नसते, त्यामुळे नावावरून भांडायला शेजारीही नसतो.

ब्रिटनचं तर विचारूच नका. ‘जीबी’च्या पुढे एक अक्षर जोडायचं आणि वसाहत मोकळी. जिब्राल्टर ‘जीबीझेड’, जर्सी ‘जीबीजे’, गर्न्झी ‘जीबीजी’, आइल ऑफ मॅन ‘जीबीएम’. ऑल्डर्नी नावाचं दोनेक हजार वस्तीचं बेट आहे, त्याचीसुद्धा स्वतःची खूण आहे, ‘जीबीए’. आपल्याकडे तालुक्याच्या गावालाही यापेक्षा जास्त लोकसंख्या असते.

लोक या खुणा लावून आपल्या दारापर्यंत आले ते स्वातंत्र्यानंतर. १५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून ‘इंडियामॅन’ नावाची बस प्रवासी घेऊन निघाली आणि ५ जूनला कोलकात्यात पोचली. जायचं भाडं ८५ पौंड. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असा रस्ता. म्हणजे एका ‘जीबी’ने ‘एफ’पासून ‘पीएके’पर्यंत सगळ्यांना सलाम ठोकत यायचं. मग नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडन ते सिडनी मोटारशर्यत झाली. लंडनहून २४ नोव्हेंबरला सुटलेल्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईत आल्या. नव्वदहून जास्त निघाल्या होत्या, सत्तरहून जास्त मुंबईपर्यंत टिकल्या. इथून त्यांना ‘चुसान’ या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेलं. शर्यत जिंकली ती अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरने. तुमच्यातले सत्तरीच्या पुढचे जे कोणी तेव्हा मुंबईत होते, त्यांनी कदाचित त्या चिखलाने माखलेल्या गाड्या बघितल्या असतील.

आणि गोवा! साठच्या दशकाच्या अखेरीपासून कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यावर ‘डी’, ‘एनएल’, ‘एफ’, ‘जीबी’ लावलेल्या व्हॅन येऊन उभ्या राहायला लागल्या. रस्त्याने आलेल्या, खिडक्यांना पडदे लावलेल्या. यांतल्या काहींच्या मालकांना पैसे संपले की गाडी विकून टाकावीशी वाटे. ते तितकं सोपं नव्हतं. परदेशी गाडी देशात तात्पुरती येते ती कस्टमच्या ‘कार्ने’ नावाच्या वहीवर. आत आल्याचा एक शिक्का, बाहेर गेल्याचा दुसरा. दुसरा शिक्का नसेल तर गाडी इथेच विकली असं धरून जकात वसूल होते. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ताच बंद झाला.

आता नावं बदलणाऱ्यांकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

फिनलंडची खूण पूर्वी ‘एसएफ’ होती. ‘सुओमी’ हे फिनिश नाव आणि ‘फिनलंड’ हे स्वीडिश, दोन्ही राजभाषा एका लंबगोलात. १९९३ मध्ये त्यांनी ते सोडून ‘एफआयएन’ घेतलं. आयर्लंड ब्रिटनपासून सुटल्यावर आधी ‘एसई’ झालं, मग ‘ईआयआर’, मग ‘आयआरएल’. पहिल्या दोन्ही खुणा आयरिश भाषेतल्या नावांच्या होत्या. पूर्व जर्मनीच्या गाड्या १९७४ पर्यंत पश्चिमेसारखंच ‘डी’ लावत होत्या. मग सरकारला वाटलं की आपण वेगळा देश आहोत हे मागून येणाऱ्यालाही कळावं, आणि ‘डीडीआर’ सक्तीचं झालं. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा सैल केली तेव्हा पूर्व जर्मनीतल्या त्राबांट गाड्यांच्या रांगा पश्चिमेकडे निघाल्या. त्या वेळचे फोटो बघा. कितीतरी गाड्यांवर ‘डीडीआर’मधलं शेवटचं ‘डीआर’ खरवडून टाकलेलं किंवा काळं केलेलं आहे. राहिलं नुसतं ‘डी’. त्यांच्या सरकारने पंधरा वर्षांपूर्वी जे चिकटवलं होतं ते लोकांनी नखाने काढून टाकलं. जर्मन एकीकरणाचा करार व्हायला अजून वर्ष होतं.

पण या सगळ्यांपेक्षा मला युगोस्लाव्हियाबद्दल जास्त बोलायचं आहे. आधी ते होतं ‘एसएचएस’, म्हणजे सर्ब, क्रोट आणि स्लोव्हेन यांचं राज्य, तिघांचीही आद्याक्षरं. मग ‘वाय’, मग ‘वाययू’. नव्वदच्या दशकात देश फुटला आणि ‘वाययू’च्या जागी नव्या खुणांची रांग लागली. क्रोएशियाने ‘एचआर’ घेतलं, कारण ते स्वतःला ‘ह्र्वात्स्का’ म्हणतात. स्लोव्हेनियाने ‘एसएलओ’, बोस्नियाने ‘बीआयएच’.

बोस्नियात युद्ध संपलं १९९५ मध्ये, पण गाडीची पाटी ही जिवावरची गोष्ट झाली होती. सर्बांच्या, क्रोटांच्या, बोस्नियाकांच्या म्हणजे तिथल्या मुस्लिमांच्या पाट्या वेगवेगळ्या. पाटी बघितली की गाडीतला माणूस कोणत्या बाजूचा ते कळायचं, आणि दुसऱ्या बाजूच्या गावात ती घेऊन जायची हिंमत कोणी करत नसे. कागदावर फिरायचं स्वातंत्र्य होतं, पण गाड्या आपल्या हद्दीच्या कडेला येऊन मागे वळत. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी सगळ्या देशाला एकच पाटी लावली. तिच्यात गावाची खूण नाही, प्रांताची नाही. आकडे आणि मधे एक अक्षर. आणि ते अक्षरही कोणतं घ्यायचं? सर्ब सिरिलिक लिपी वापरतात, बाकीचे लॅटिन. ‘बी’ घेतलं तर सर्ब ते ‘व’ असं वाचणार. म्हणून दोन्ही लिप्यांत जी सारखीच लिहिली आणि वाचली जातात तेवढीच अक्षरं ठेवली: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. सात अक्षरं. मोटारींच्या कारभारात इतका बारीक विचार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. गाडी ओळखता यावी म्हणून शोधलेल्या पाटीवर इथे ओळख लपवून ठेवली, तेव्हा कुठे माणसं पुन्हा एकमेकांच्या गावांतून जाऊ लागली.

त्याच्या दक्षिणेला मॅसिडोनिया. १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आणि ग्रीसने नावावर आक्षेप घेतला. मॅसिडोनिया हा आमचा प्रांत, सिकंदर आमचा, हे नाव तुम्ही घ्यायचं नाही. हे भांडण सत्तावीस वर्षं चाललं. २०१२ मध्ये मॅसिडोनियाने नव्या पाट्या आणल्या, डाव्या कोपऱ्यात ‘एमके’. त्या लावून कोणी ग्रीसच्या सीमेवर आलं की तिथला कर्मचारी एक स्टिकर पुढे करायचा. त्यावर मजकूर असा की ग्रीस या देशाला ‘एफवायआरओएम’ या नावाने ओळखतो. युगोस्लाव्हियातलं पूर्वीचं प्रजासत्ताक मॅसिडोनिया, असं ते लांबलचक नाव. समुद्रावर सुट्टी घालवायला निघालेल्या कुटुंबाने आधी आपल्या देशाचं नाव स्टिकरखाली झाकायचं, मग पुढे जायचं. संध्याकाळी परत येताना स्टिकर काढायचा.

शेवटी १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी दोन्ही देशांनी करार केला. देशाचं नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ झालं. आणि आता लक्ष द्या, या करारातलं हे कलम माझ्या आवडीचं आहे. देशाचे ‘एमके’ आणि ‘एमकेडी’ हे आंतरराष्ट्रीय कोड सगळ्या कामांसाठी तसेच राहतील, फक्त मोटारीच्या पाट्या सोडून. पाट्यांवर ‘एनएम’ किंवा ‘एनएमके’ येईल. म्हणजे त्यांची वेबसाइट ‘एमके’वर, आणि मोटार ‘एनएमके’! परराष्ट्र मंत्र्यांच्या पातळीवरच्या करारात संगणकाच्या जाळ्यावर सूट मिळाली, मोटारीवर नाही. मला त्यातली ग्रीसची बाजू कळते. वेबसाइटचा पत्ता कोणी सलोनिकाच्या रस्त्यावर घेऊन फिरत नाही. मोटार दारासमोरून जाते. ज्यांच्या पाट्या जुन्या होत्या त्यांना ‘एमके’वर ‘एनएमके’चा स्टिकर लावायला सांगितलं गेलं. पुन्हा स्टिकर. फक्त या वेळी तो आपल्याच सरकारने दिलेला.

कोसोव्होचं दुखणं याहून अवघड. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बिया ते मानत नाही. म्हणून ‘आरकेएस’ म्हणजे कोसोव्हो प्रजासत्ताक, ही पाटी लावून गाडी सर्बियाच्या नाक्यावर आली की ती काढून ठेवायची आणि पैसे भरून तात्पुरती सर्बियन पाटी लावायची. कारण ती पाटी चालवून घेतली तर तो देश मान्य केल्यासारखं होतं. २० सप्टेंबर २०२१ पासून कोसोव्होनेही तोच नियम उलटा लावला, सर्बियाच्या पाट्यांना. नाक्यावर विशेष पोलीस दल आलं, उत्तर कोसोव्होतल्या सर्बांनी यारिन्ये आणि ब्रन्याक इथे रस्त्यावर ट्रक आडवे घातले. दहा दिवसांनी ब्रुसेल्समध्ये तोडगा निघाला तो काय? दोघांनीही पाटी तशीच ठेवायची, पण समोरच्याचा ध्वज आणि देशाची अक्षरं पांढऱ्या स्टिकरने झाकायची.

पुढच्याच वर्षी वाद परत पेटला. कोसोव्होतल्या शहरांच्या नावाने सर्बिया ज्या पाट्या देत होता, त्या बदलण्याची सक्ती झाली. उत्तरेतले सर्ब पोलीस, न्यायाधीश, महापौर राजीनामे देऊन बाहेर पडले. नंबरप्लेटवरून! १ जानेवारी २०२४ पासून सर्बियाने ‘आरकेएस’ पाट्या चालवून घ्यायला सुरुवात केली. याचा अर्थ आम्ही कोसोव्होला मान्यता दिली असा घेऊ नये, असं बेलग्रेडने बजावून सांगितलं. मघाशी मी म्हणालो तो व्यवहार हाच. नाव सांगणारा सांगत राहतो, ऐकणारा स्टिकर लावत राहतो, आणि लोकांना तर कामाला जायचंच असतं.

बाकीच्या युरोपात मामला थंड आहे. १९९८ च्या नियमाने युरोपीय संघातल्या देशांनी पाटीच्या डाव्या कडेची निळी पट्टी, तिच्यातले बारा तारे आणि देशाचं अक्षर एकमेकांत मान्य केलं, त्यामुळे संघाच्या आत वेगळा लंबगोल लावायची गरज उरली नाही. काही हौशी लोक मात्र त्या पट्टीवरही आपली खूण चिकटवतात. स्पेनमध्ये ‘ई’वर ‘सीएटी’ म्हणजे कातालोनिया चिकटवलेल्या गाड्या दिसतात. ते बेकायदा आहे, दंड होतो, आणि लोक लावायचे ते लावतात.

ब्रिटनने २८ सप्टेंबर २०२१ रोजी ‘जीबी’ सोडून ‘यूके’ घेतलं. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली खूण. कारण सांगितलं ते बरोबर आहे: ग्रेट ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड येत नाही. हे १९२२ मध्येही बरोबर होतं. मग उशीर का? माझं मत असं की युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर बेलफास्टला आपण विसरलेलो नाही हे दाखवण्याची घाई झाली, आणि हे सगळ्यात स्वस्तात होण्यासारखं होतं. आज ब्रिटिश गाडी स्पेन, सायप्रस किंवा माल्टामध्ये न्यायची तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मागे ‘यूके’चा स्टिकर लावावाच लागतो.

आता चिठ्ठ्या आल्यात त्या घेतो.

पहिली चिठ्ठी अशी: “नंबरप्लेट मराठीत असावी असं तुम्हाला वाटत नाही का?” बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काहींवर ‘४१४१’ हा आकडा असा वळवलेला असेल की तो ‘दादा’ वाचला जावा. ‘२१४’चा ‘राम’ होतो. म्हणजे मराठी पाटी अनधिकृतपणे आहेच. कायदा म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय, असं स्पष्ट आहे. देवनागरी आकड्यांवर पोलीस पावती फाडतात. रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय जिनिव्हा कराराची हरकत एवढीच आहे की देशाबाहेर जाणाऱ्या गाडीचा नंबर लॅटिन अक्षरांत आणि नेहमीच्या आकड्यांत असला पाहिजे. दुसऱ्या लिपीला बंदी नाही, ती सोबत चालते. कितीतरी अरबी देशांच्या पाट्यांवर दोन्ही लिप्या असतात. नेपाळच्या गाड्या आपण वर्षानुवर्षं देवनागरीत वाचत आलो, ‘बा’ म्हणजे बागमती. तिथे इंग्रजी अक्षरांच्या उठावदार पाट्या आणायचं ठरलं तेव्हा लोकांनी मोठी हरकत घेतली. तेव्हा दोन लिप्यांची पाटी मागायला आपल्याला आंतरराष्ट्रीय अडचण काही नाही. अडचण दिल्लीच्या नियमात आहे, आणि पाटीवरच्या जागेचीही आहे.

दुसरी चिठ्ठी: “मुलगा पुण्याहून लंडनला स्वतःच्या गाडीने जायचं म्हणतो. नवीन पाटीवर ‘आयएनडी’ छापलेलं असतं, ते पुरेल का?” नाही पुरणार. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली आणि जुन्यांनाही ती बसवून घ्यायला लावली. तिच्या डाव्या बाजूला अशोकचक्राचा होलोग्राम आणि निळ्या रंगात ‘आयएनडी’ असतं. ते आपल्या घरच्या बंदोबस्तासाठी आहे. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराला बांधलेला आहे आणि त्या करारात लंबगोल लागतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं, उंची किमान ८० मिलिमीटर, रेघ १० मिलिमीटर. अक्षरं तीन असल्यामुळे लंबगोल निदान २४० बाय १४५ मिलिमीटरचा हवा. दोन अक्षरांच्या देशांना १७५ बाय ११५ चालतो, आपल्याला नाही. गाडीच्या मागे लावा. कोपऱ्यातल्या रेडियमवाल्याकडे करून मिळेल, फक्त त्याला सांगून ठेवा की आत तिरंगा नको, वाघ नको, ‘आईचा आशीर्वाद’ तर नकोच. आणि कार्नेची वही नीट सांभाळायला सांगा. प्रत्येक नाक्यावर आत गेल्याचा आणि बाहेर पडल्याचा असे दोन्ही शिक्के त्याने स्वतः बघून घ्यावेत, नाहीतर बँकेत ठेवलेली हमी सुटायला तुम्हालाच खेटे घालावे लागतील.